दोन ते चार

मे महिन्यात आमच्या लेआउटला ऐकू येत नाही.
सत्तर घरं, सत्तर कूलर,
खिडकीखिडकीत रात्रभर घरघरणारे पत्र्याचे डबे.
चोरांना हे आमच्याआधी कळलं.
निखाड्यांच्या अंगणातल्या पितळी तोट्या गेल्या,
झोडापे लग्नाला भंडाऱ्याला गेले
तर मागची कडी कटरने कापली,
आणि भिंतीपलीकडे आम्ही
ओल्या वाळ्याच्या वासात गाढ.

मग तितरमारेबाईंनी वही काढली.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई,
कोणाची तार कुठे जोडायची हे बोटांना पाठ.
पट्टीने आखलेले रकाने :
प्लॉट नंबर, रक्तगट, कोणाची किल्ली कोणाकडे.
उईकेंच्या घरी ऑक्सिजन, जिना अरुंद, स्ट्रेचर वळत नाही.
हेडाऊंच्या मुलीला फिट येते, तोंडात चमचा घालू नये.
मेडिकलचा नंबर, वायरमनचा, टँकरवाल्याचा.
गेटपाशी वाळूच्या चार बादल्या
(एक मांजरींनी आधीच बाटवली).
शिट्टी एक लांब म्हणजे चोर,
तीन तुटक म्हणजे आग.
भूकंपाचं काय, कोणीतरी विचारलं.
बाई म्हणाल्या, तो स्वतःच कळवते.

माझी पाळी मंगळवारी, दोन ते चार.
सोबत गेडाम सर, शाळेत पीटी शिकवायचे,
लुंगीखाली स्पोर्ट्सचे बूट.
'काऊन जी, चालता चालता झोपून राहिले?'
डांबर त्या वेळीही चपलेतून भाजायचं,
कुत्री नालीच्या गारव्याला पोट लावून,
आम्हाला पाहून शेपटीसुद्धा हलवत नसत.

त्या मंगळवारी दोन चाळीसला डीपी उडाली.

सत्तर कूलर
एकदम.
इतकं मोठं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.
आधी ताट्यांतून ठिबकणारं पाणी,
मग कोणाचा खोकला, कोणाचं तान्हं,
कोणी झोपेत म्हणालं, 'नाही देत, जा.'
आणि या सगळ्याच्या तळाशी
टण्.
थोड्या वेळाने पुन्हा, टण् टण्.

कडी कापून राहिला कोणी, मी कुजबुजलो.
गेडाम सरांनी हात वर केला, मैदानावर करत असतील तसा.
'चोर इतका थकलेला नसते जी.'

तेवीस नंबर. बाथरूमची जाळी.
वही उघडली, बॅटरी दातात धरून किल्ली शोधली :
बावीस, सावरबांधे, किल्ली एकोणीसकडे.
चोवीस, बोरकुटे, किल्ली पंचविसात.
मधे काहीच नाही.
पट्टीने आखलेली ओळसुद्धा नाही.

दार वाळूच्या बादलीने फोडलं.
तीन घावांत कडी, चौथ्यात बादलीचा तळ.
तितरमारेबाई फरशीवर, खुबा मोडलेला,
हातात स्टीलचा गडू, ठोकून ठोकून कडेला चेपलेला.
साडेअकरापासून.
'किती वाजले?'
तीनला पाच कमी, मी म्हणालो.
'लिहून ठेवा,' म्हणाल्या,
आणि मग पहिल्यांदा रडल्या.

आता नियम आहे. त्यांच्या अक्षरात नाही, माझ्या :
रात्री दोन वाजता पाच मिनिटं
सगळ्यांनी कूलर बंद करायचे.
घाम येतो. पोरं कुरकुरतात.
बारापात्रे कधी करतात, कधी करत नाहीत,
त्यांच्या खिडकीखाली आम्ही जरा जास्त थांबतो.
काही नसतंच बहुतेक. पंख्याची कुरकुर, एखादी घोरणी,
लांब अजनीच्या बाजूला मालगाडीचे डबे आदळतात.

तेवीससमोर गेडाम सर हळूच शिट्टी फुंकतात, नुसती हवा.
आतून पलंगाच्या दांडीवर तोच गडू वाजतो.
दोन ठोके म्हणजे आहे.
काल तीन वाजले.
आम्ही धावत आत गेलो,
तर बाई उशीला टेकून बसलेल्या :
कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं होतं.